वाचकांचे प्रश्न : सीट धरायची की थांबायचं?

प्रश्न : मुलाला खासगी विद्यापीठात बीटेकला सीट मिळतेय, वर्षाची फी साडेचार लाख. आठ दिवसांत पन्नास हजार भरा आणि ओरिजिनल मार्कशीट जमा करा म्हणतात, पण सीईटीचे कॅप राउंड (सरकारी प्रवेशफेऱ्या) अजून व्हायचेत. काय करू? – एक आई, सातारा

उत्तर : ताई, आधी मार्कशीट हातातून सोडू नका, ओरिजिनल ठेवून घ्यायला यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) परवानगीच नाही, पडताळणी करून लगेच परत द्यायची असतात. २०१८ च्या यूजीसी नियमानुसार प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या किमान १५ दिवस आधी सीट सोडली तर प्रोसेसिंगचे जास्तीत जास्त ५००० कापून बाकी फी परत मिळते, नंतर ९०, ८०, ५० टक्के असं घटत जातं आणि तारखेनंतर महिना उलटला की काहीच नाही, म्हणून ती तारीख लेखी मागा, फोनवर नको.

आणि साडेचार लाखांत हॉस्टेल, मेस, परीक्षा फी आहे का? चार वर्षांचा आकडा कागदावर मांडा, १८ लाख तर नुसती फीच होते. सरकारी बँकेत साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सहसा तारण लागत नाही, त्यापुढे घर-जमिनीचे कागद मागतात. हप्ता कोर्स संपल्यावर सुरू होतो, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं हो.