एका वेळी एकच मूल

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

मुलांना घरीच शिकवण्याचं तुझं वेळापत्रक नीट पाहिलं. सहा मुलं, चाळीस-चाळीस मिनिटांचे तास, प्रत्येकाला रोज सहा विषय. तुझी तीन, जावेची दोन आणि थोरल्या दिरांचा मुलगा. वयं चार, सहा, आठ, अकरा, तेरा, पंधरा. बारा वाजेपर्यंत सगळं कोलमडतं, धाकटा रडतो, थोरला दार लावून घेतो, आणि तू विचारतेस की तिघांना परत शाळेत घालू का. घालायचं तर घाल, त्यात कमीपणा काहीच नाही. पण हे वेळापत्रक मोडलं म्हणून घालू नकोस, ते मोडणारच होतं. शाळेत एका वर्गात एकाच वयाची मुलं असतात म्हणून तास चालतात. तुझ्या सोप्यात सहा वयांची सहा मुलं बसली आहेत.

एका वेळी एकच मूल. तू ज्याच्याजवळ बसली आहेस, ती वीस मिनिटं पूर्ण त्याची. बाकीच्या पाचांच्या हातात तेव्हा तुझ्याशिवाय होणारं काम हवं.

सुरुवात धाकट्यापासून कर. दहावी जवळ आली म्हणून बहुतेक जण आधी थोरल्याला घेऊन बसतात, आणि चार वर्षांचं पोर दर पाच मिनिटांनी येऊन पदर ओढतं. त्याला आधी पंधरा मिनिटं मांडीवर घे, गोष्ट वाच, चिंचोके मोजायला लाव. मध्ये कुणी आलं तर ‘आता याची पाळी’ म्हणून परत पाठव. मग ते तासभर आपलं आपण खेळतं. त्यानंतर सहा वर्षांच्या मुलीचं वाचन वीस मिनिटं, आठ वर्षांच्याचं गणित वीस मिनिटं. मग अकरा आणि तेरा, अर्धा-अर्धा तास. पंधरा वर्षांच्याला दुपारी, धाकटा झोपल्यावर, पाऊण तास. बेरीज कर, दोन तास चाळीस मिनिटं होतात. तू आज सहा तास घसा फोडतेस.

हे जमणं न जमणं आदल्या रात्रीच्या चिठ्ठीवर आहे. वाचता येणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत एक चिठ्ठी ठेव आणि तीन कामं लिही, एक तुझ्याजवळ बसून करायचं, दोन एकट्याने. एकट्याने करायचं काम नेहमी काल-परवा पक्कं झालेल्यातलंच दे. ‘पुढचा धडा वाचून प्रश्न सोडव’ असं लिहिलंस की मूल दर दोन मिनिटांनी शंका घेऊन येणार, आणि दोष त्याचा नसणार. अडलेल्या उदाहरणाला गोल करायचा आणि पुढे जायचं. तीन गोल झाले की वही मिटून गोष्टीचं पुस्तक घ्यायचं. ते गोल हाच तुझा उद्याचा पाठ. सबंध धडा शिकवत बसण्यापेक्षा तीन गोल सोडव.

सहा वर्षांची वाचते असं तू लिहिलंस. खात्री कर. या वयात पान पाठ होतं आणि घरच्यांना वाचन आल्यासारखं वाटतं. चित्र झाकून शेवटच्या ओळीपासून वर वाचायला सांग. अडली तर पुस्तक बाजूला ठेव आणि ग-म-भ-न पासून सुटी अक्षरं घे, मग काना-मात्रा. जोडाक्षरं आणि रफार सगळ्यात शेवटी. पाढ्यांना वेगळा वेळ काढूच नकोस, भांडी विसळताना होतात. पावकी-निमकीही (पाव आणि अर्ध्याचे पाढे) म्हणून घे, अपूर्णांक शिकताना उपयोगी पडतात.

भाषा आणि गणित ज्याचं त्याचं. इतिहास, विज्ञान, भूगोल मात्र सगळ्यांचा मिळून, पंधरवड्याला एक विषय, वही ज्याच्या त्याच्या वयाची. पावसाळ्यात आपल्या कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी रोज आलेखावर मांडा. 39 फुटांवर इशाऱ्याची रेघ, 43 वर धोक्याची. धाकटे रंग भरतील, आठ वर्षांचा आकडे लिहील. अकरा वर्षांच्याकडे लक्ष दे, कारण तो 39 फूट 9 इंच म्हणजे 39.9 लिहिणार. ते 39.75 आहे, कारण फुटात बारा इंच. दशांश कुठे कळलेला नाही ते इथे जितकं उघड दिसतं तितकं पुस्तकातल्या पन्नास उदाहरणांत दिसत नाही.

नोव्हेंबरच्या 9, 10, 11 ला अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो, मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीपर्यंत येतात, आणि पुन्हा 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी. गर्दीत धाकट्यांना नेऊ नकोस. मोठ्या तिघांना कॅलेंडर दे आणि दोन्ही तारखांपासून 21-22 डिसेंबर, म्हणजे वर्षातला सगळ्यात लहान दिवस, किती दूर आहे ते मोजायला लाव. अंतर जवळजवळ सारखंच निघतं. का निघतं, हे त्यांना चार दिवस शोधू दे. तू सांगून टाकू नकोस!

आता तेरा वर्षांच्या मुलीबद्दल. ‘ती सगळ्यांना सांभाळते म्हणून माझं निभतं’ हे वाक्य वाचून मला राग आला. सहा मुलांच्या घरात थोरली मुलगी बघता बघता आया होते, आणि सगळे तिचं कौतुक करतात. धाकट्यांना शिकवायला तिला दिवसाला जास्तीत जास्त अर्धा तास दे, तोही ठरवून. तिच्या स्वतःच्या अभ्यासाच्या अर्ध्या तासात धाकट्याला खेळवायला तिला उठवायचं नाही. स्वयंपाकाची हाक आली तर दोन्ही मोठे मुलगे आहेत. एका वेळी एकच मूल म्हणजे तीसुद्धा एक मूल आहे.

सासूबाई म्हणतात मुलं वाया जातील. त्यांचं बोलणं उडवून लावू नकोस. ज्या संस्थानात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला, त्या गावात ही शंका येणारच, आणि ती यायलाच हवी. महाराजांना प्रत्येक मूल शिकलेलं हवं होतं. ते तू घरात करून दाखवणार असशील तर तुझी बाजू खरी. मी या मतावर आजही ठाम आहे, पण ‘घरी शिकवतो’ म्हणणाऱ्या घरात वही उघडलीच जात नसेल तर मी सासूबाईंच्या बाजूने उभी राहीन.

म्हणून नोंद ठेव. प्रत्येकाची एक वही, रोज तारीख आणि तीन ओळी, महिन्यातून त्याच्या हस्ताक्षराचं एक पान जपून. उद्या कुणाला शाळेत घालायचं झालं तर वयानुसार वर्गात प्रवेश मिळतो, पण मुलाला काय येतं हे शिक्षकांना या वहीवरूनच कळेल.

पंधरा वर्षांच्याचं मात्र लांबवू नकोस. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या (एनआयओएस) दहावीला 14 वर्षं पूर्ण लागतात. किमान पाच विषय, त्यात एक भाषा. वर्षातून दोनदा परीक्षा, पाच वर्षांत नऊ संधी. स्वाध्यायांना 20 टक्के गुण असतात आणि ते वेळेत न दिल्याने मुलं हकनाक मागे पडतात. गणित सोडता येतं, पण त्याला सोडू देऊ नकोस, पुढे सायन्सकडे वळायचं ठरलं तर अडेल. राज्य मंडळाची परीक्षा द्यायची असेल तर सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून बसण्याचा. त्याला शाळा सोडल्याचा दाखला मागतात, तो आत्ताच काढून ठेव.

सोमवारपासून सुरू कर. पहिले चार दिवस चिठ्ठ्या चुकतील, कुणाला काम पुरणार नाही, कुणाला जास्त होईल. बुधवारी सगळं फेकून द्यावंसं वाटेल, फेकू नकोस. शुक्रवारी चिठ्ठ्या एकत्र ठेवून बघ, कुणाचं काम उरतंय ते दिसेल. सुरू करण्याआधी, रविवारी सहा वह्या आण, पाच आखीव दोनशे पानी आणि एक कोरी. कोरी चार वर्षांच्याला. त्याला वगळलंस तर तो इतरांच्या वह्यांवर लिहील.

तुझी,
काकू