गाढववाल्या सिम्पसनने गॅलिपोलीत खरंच ३०० जणांना वाचवलं का?

पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईत सिम्पसनने गाढवावरून ३०० जखमींना मरणाच्या दारातून आणलं, अशी गोष्ट सांगतात. नाही, ३०० हा आकडा टिकत नाही, पण माणूस आणि त्याचं गाढव दोन्ही खरे. जॉन सिम्पसन कर्कपॅट्रिक हा ऑस्ट्रेलियन आर्मीच्या थर्ड फील्ड ॲम्ब्युलन्स या वैद्यकीय तुकडीतला स्ट्रेचर उचलणारा, २५ एप्रिल १९१५ ला गॅलिपोलीत उतरला आणि १९ मेला मशीनगनच्या गोळीने गेला, वय अवघं २२, म्हणजे सगळी सर्व्हिस २४-२५ दिवसांची, आता तुम्हीच हिशोब करा, दिवसाला बारा जण झाले, तेही अरुंद दरीतून, वरून स्नायपर बंदुका ताणून बसलेले. शिवाय गाढवावर बसवायचा तो पायात गोळी लागलेला, स्वतः तोल सांभाळू शकणारा माणूस, पोटात गोळी लागलेल्याला स्ट्रेचरच लागतं, त्यामुळे 'मरणाच्या दारातून आणले' हे जरा फुगवलेलंच आहे. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लष्करी सन्मानांच्या ट्रायब्युनलने जुनी रेकॉर्ड्स तपासली आणि त्याला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचं सर्वोच्च पदक, द्यायची शिफारस केली नाही, कारण काय तर त्याचं धाडस त्याच्या युनिटमधल्या बाकीच्या स्ट्रेचरवाल्यांसारखंच होतं. (माझ्या मते हे त्या बाकीच्यांचं कौतुकच झालं, त्यांची नावं कोणाला माहितीयेत?) फक्त एक, यावरून तो खोटा हिरो होता असं समजू नका, रोज त्याच गोळीबारातून तो वर-खाली करत होता हे नक्की, आणि तिथल्या भारतीय माउंटन बॅटरीचे (डोंगरी तोफखान्याचे) खेचरवाले, ज्यांच्या तळावर तो राहायचा, ते त्याला 'बहादूर' म्हणायचे असं सांगतात.