पाहुणी म्हणून येऊ नकोस

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

'काका, सोलापूरला सिद्धेश्वराच्या यात्रेला, गड्ड्याला आले तरी एका बाजूला नुसती उभी असते, मग पुण्याहून यायचं तरी कशाला?' तुझ्या या वाक्यानं रात्रभर झोप लागली नाही.

पाहुणी म्हणून येऊ नकोस. कामाला ये.

बाळीवेशीत दोन खोल्यांत आम्ही नऊ माणसं. धाकट्याचं लग्न ठरलं, तेव्हा मी बायको-पोरांना घेऊन जुळे सोलापुरात फ्लॅटमध्ये गेलो. त्यात माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. पाठ टेकायला जागा नव्हती गं! मी निघालो म्हणून त्याचा संसार उभा राहिला. पण पुढच्या वर्षी यण्णीमज्जनाच्या, म्हणजे तैलाभिषेकाच्या सकाळी घरी पोचलो, तर तुझ्या आजोबांची, अण्णांची बाराबंदी, यात्रेतला तो बंदांचा पांढरा अंगरखा, घालून झाली होती. तिचे बंद दरवर्षी मी बांधायचो. त्या दिवशी शेजारच्या पोरानं बांधले. आणि आईनं मला कपाटातल्या, पाहुण्यांच्या कपबशीतून चहा दिला. रागावली नव्हती ती. माझं काम दुसऱ्याकडे गेलं होतं, आणि ते परत मागायचं मला सुचलंच नाही. पुढं अण्णाच गेले.

म्हणून सुट्टी, ट्रॅफिक, भाड्याचं घर, यातलं काही मला सांगू नकोस. ती सगळी कारणं मी वापरून झालोय. 68 लिंगांचा तैलाभिषेक, संमती कट्ट्यावरच्या सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता, होम, दारूकाम, सगळे दिवस तुला जमणार नाहीत, ठाऊक आहे. पण सातही नंदीध्वज, मिरवणुकीतल्या त्या उंच, जड मानाच्या काठ्या, पेलणारी पोरं नोकऱ्या-धंदे सांभाळूनच कितीतरी दिवस आधी सरावाला लागतात. तू एक काम घे. एकच. पण तू आली नाहीस तर ते अडलं पाहिजे, इतकं ते तुझं हवं.

वहिनी गेल्यापासून भोगीची तीळ लावलेली भाकरी तुमच्याकडे विकत येते. बाराबंदी तुझे बाबा स्वतःच बांधतात. मागच्या वर्षी एक बंद सुटून लोंबत होता. सांगायचा धीर मला झाला नाही.

भोगीच्या आदल्या दिवशी पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस धर. आणि पहिला बंद कुठला बांधायचा, ते बाबांना आजच फोन करून विचार.

तुझा,
काका