तीन दिवसांची गोष्ट

सातवा महिना लागला की हा प्रश्न येतोच. डोहाळजेवणाचे फोटो सगळ्यांना पाठवून झालेले असतात, हातात हिरव्या बांगड्या असतात, आणि समोरच्या खुर्चीत बसल्यावर आवाज एकदम खाली जातो. "मॅडम, कळा मला सोसतील ना?"

गरोदर बायकांशी बोलायला सांगलीत मी इतकी वर्षं बसते, पण या प्रश्नाचं उत्तर मला नीट शिकवलं ते बँकेत कॅशियर असलेल्या एका मुलीने. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

पहिल्या दोन भेटींत मी शहाण्यासारखं सगळं समजावून सांगितलं. पिशवीचं तोंड दहा सेंटीमीटरपर्यंत कसं उघडतं, कळ लाटेसारखी कशी चढते नि उतरते, श्वास कसा सोडायचा. तिने ते वहीत लिहूनही घेतलं. तिसऱ्या भेटीला आली तेव्हा डोळ्यांखाली काळं. माहिती वाढली होती आणि होती तेवढी झोपही गेली होती.

मी वही मिटायला लावली. "बाळंतपण म्हटलं की तुला कुणाचा आवाज ऐकू येतो?"

"आईचा," ती लगेच म्हणाली. "माझ्या दर वाढदिवसाला सांगते. तुझ्या वेळी तीन दिवस तडफडले म्हणून."

पुढच्या वेळी मी आईला बोलावलं. तासगावकडच्या, पदर सावरत खुर्चीच्या कडेवर बसलेल्या. म्हटलं, "ताई, ते तीन दिवस मला जरा तास लावून सांगा."

"गुरुवारी सकाळी कंबर धरली बघा."

"मग?"

"मग काय, भाकऱ्या थापल्या. रानात माणसं होती."

"रात्री?"

"झोपले की. मधनंमधनं जाग यायची."

शुक्रवारी त्यांनी धुणं धुतलं, दुपारी आलेल्या पाहुण्यांना चहा केला. शनिवारी दिवेलागणीला कळा जोरात आल्या, तेव्हा जीपने दवाखान्यात नेलं. रविवारी पहाटे चारला मुलगी झाली. लेक बोटांवर मोजत होती. पैसे मोजणारीच ती! "आई, म्हणजे खऱ्या कळा नऊ तास?"

आई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "असतील. पण त्या रात्री माझ्याजवळ कुणी नव्हतं गं. तुझी आजी बाहेर बाकावर. मी हाक मारायचे, दार बंद."

लेकीने आईचा हात धरला. मी काहीच बोलले नाही. त्या दिवशीचं माझं सगळ्यात चांगलं काम तेच, असं मला अजून वाटतं. तीन दिवस सोसलं असं सांगताना त्या बाईला आत सलत होतं ते बंद दार. लेकीला मात्र फक्त आकडा वारशात मिळाला होता.

ब्रिटिश डॉक्टर ग्रँटली डिक-रीड यांनी 1930 च्या दशकात मांडलं होतं की भीतीने अंग ताठरतं आणि ताठरल्या अंगाला जास्त दुखतं. माझा ओढा त्या विचाराकडे आहे, हे कबूल करते. पण भीती गेली की दुखणारच नाही, असं मी कुणाला सांगत नाही. दुखतं. आणि ते सोसवेना म्हणून पाठीत इंजेक्शन मागितलं तर त्यात हार कसली?

मुलीचा प्रश्न त्या दिवसापासून बदलला. सोसेल का, हे मागे पडलं. माझ्याजवळ कोण असेल, हे पुढे आलं. या दुसऱ्या प्रश्नावर काम करता येतं. सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या वेळी सोबतीला बाई असू द्यावी, असं केंद्राने 2016 मध्येच सांगितलंय. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2018 च्या शिफारशींत आईच्या पसंतीची सोबत धरली आहे. तरी प्रत्येक ठिकाणी आत सोडतातच असं नाही. म्हणून सातव्या महिन्यातच विचारून ठेवा. कळा सुरू झाल्यावर दारात वाद घालायला कुणाला सुचतंय!

सोबत येणाऱ्या बाईचीही मी तयारी करून घेते. या आईंना सांगितलं, कंबर तळहाताने दाबायची, घोटभर पाणी द्यायचं, आणि आपली गोष्ट आत सांगायची नाही. शेवटी शेवटी लेक म्हणेल, "मला आता जमणारच नाही." तेव्हा घाबरायचं नाही. पुष्कळदा हे वाक्य बाळ जवळ आल्यावरच येतं.

आणि कॅशियरसाठी हिशेब. पाच मिनिटांनी एक कळ, ती मिनिटभराची, म्हणजे तासात बारा मिनिटं दुखणं आणि अठ्ठेचाळीस मिनिटं विसावा. पुढे विसावा आक्रसतो, तेही लपवलं नाही. पहिलटकरणीला अशा कळा तासभर टिकल्या की निघायचं. दवाखाना लांब असेल तर त्याआधीच. पाणी गेलं, रक्त गेलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारलं किंवा सदतीस आठवडे भरायच्या आधीच कळा आल्या, तर मिनिटं मोजत बसायचं नाही. सुरुवातीच्या हलक्या कळांत मात्र घरीच चालावं, जेवावं, डुलकी काढावी. तिच्या आईने नेमकं हेच केलं होतं, कुणी न शिकवता. हे मी सांगितलं तेव्हा बाई पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसल्या.

बाळ झाल्यावर पाचव्या दिवशी फोन आला. "मॅडम, मी ओरडले. लई ओरडले. आईने हात सोडला नाही." रात्री नऊला गेली होती, सकाळी साडेसातला मुलगा. टाके दुखत होते, दूध उतरायला वेळ लागला होता. त्यावर पंधरा मिनिटं बोललो.

फोन ठेवता ठेवता ती हसली. "आई शेजारच्या काकूंना सांगत होती, लेकीला एकच रात्र लागली. आणि पुढे म्हणते, मलापण तेवढीच लागली होती."