तीव्र मतभेद असूनही ख्रिस्ती बांधवांना परस्परांचा आदर राखता येतो का?

होय, राखता येतो. मात्र त्यासाठी मतभेद झाकून ठेवण्याची गरज नाही. अठराव्या शतकातील जॉन वेस्ली आणि जॉर्ज व्हिटफिल्ड हे इंग्लंडमधील धर्मोपदेशक जिवलग मित्र होते. तारण, म्हणजे पापापासून सुटका, कोणाला मिळणार हे देवाने आधीच ठरवले आहे, असे व्हिटफिल्ड मानत, तर वेस्लींनी १७३९ मध्ये ब्रिस्टलला दिलेल्या प्रवचनात या मताला कडाडून विरोध केला. व्हिटफिल्डने छापील पत्रातून उत्तर दिले, परंतु त्यात वेस्लींची एक खासगी गोष्ट उघड झाल्याबद्दल पुढे क्षमा मागितली. माझ्या मते ही क्षमायाचना त्या साऱ्या युक्तिवादांपेक्षा मोलाची आहे. दोघांनीही आपले मत शेवटपर्यंत सोडले नाही. तरीही व्हिटफिल्डच्या इच्छेनुसार १७७० मध्ये त्याचे स्मृतिप्रवचन वेस्लींनीच दिले आणि त्यात वादाचा मुद्दा बाजूला ठेवून विश्वासाने देवापुढे नीतिमान ठरणे व आध्यात्मिक नवा जन्म या, दोघा मित्रांना मान्य असलेल्या शिकवणींवर भर दिला, जे व्हिटफिल्डच्या काही अनुयायांना रुचले नाही. बायबलमधील रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात प्रेषित पौलही, अन्नाविषयी वेगळे मत असलेल्या बांधवाला तुच्छ लेखू नये, असेच बजावतो.