बॅटरी उतरली की मेली? मोजल्याशिवाय बदलू नका

प्रश्न : सकाळी सेल्फ मारला की नुसती टकटक ऐकू येते. गॅरेजवाल्याने बोनेट न उघडताच ‘बॅटरी गेली, बदला’ म्हणून सांगितलं. बॅटरी तीन वर्षांची आहे. घरी खात्री कशी करायची? – वाचक, कोथरूड

उत्तर : उतरलेली बॅटरी आणि मेलेली बॅटरी, दोन्ही सेल्फ मारताना सारख्याच टकटकतात. फरक मीटरवर कळतो. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरे, पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतो. नॉब डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि लाल टोक प्लसच्या, काळं टोक मायनसच्या शिशाच्या खुंटावर टेकवा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सेल्फ मारण्याआधी माप घ्या. नुकत्याच फिरवून आणलेल्या गाडीत मीटर १२.८, १३ असे फसवे आकडे दाखवतो.

१२.६ किंवा जास्त असेल तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली जवळजवळ रिकामी. आकडा १०.५ च्या आसपास असेल आणि चार्ज करूनही तिथेच अडकला, तर बॅटरीतल्या सहा सेलपैकी एक गेलाय. तिथे मात्र बदलण्याशिवाय इलाज नाही.

आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटरवर नजर ठेवा. भरलेल्या बॅटरीत सेल्फ फिरताना आकडा ९.६ च्या वर राहायला हवा. गाडी सुरू झाल्यावर तो १३.८ ते १४.५ च्या दरम्यान चढला पाहिजे. १२.५ वरच रेंगाळून हळूहळू उतरत असेल तर अल्टरनेटर (इंजिनच्या जोरावर बॅटरी भरणारं यंत्र) किंवा त्याचा बेल्ट बघा. अशा गाडीत नवी बॅटरी टाकली तरी तीही उतरेल.

या गडबडीत एक जागा नेहमी राहून जाते : खुंट आणि त्याच्यावर बसलेली वायरची पकड यांच्यातला सांधा. मीटरचं एक टोक खुंटाच्या शिशावर आणि दुसरं त्याच खुंटावरच्या पकडीवर टेकवून सेल्फ मारायला सांगा. आकडा जवळजवळ शून्य हवा. ०.३ व्होल्ट किंवा जास्त दिसला तर बॅटरी चांगली असूनही करंट सांध्यातच अडतोय. पावसाळ्यानंतर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड जमते ती इथेच. १० नंबरच्या पान्याने पकड सोडवा. पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, पुसून कोरडं करा आणि पकड घट्ट बसवून वरून व्हॅसलिन लावा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाता कामा नये, ते आतल्या आम्लाला मारतं.

प्रश्न : चौथ्या मजल्यावर राहतो, पार्किंगमध्ये प्लग नाही. ३५ एएच (अँपिअर-अवर) क्षमतेची बॅटरी घरी आणून चार्ज करता येईल का? किती अँपिअर, किती तास? – वाचक, हडपसर

उत्तर : येईल. काढताना आधी काळी, म्हणजे मायनसची वायर सोडवा. लाल आधी सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होऊन ठिणगी उडते. बसवताना उलट, लाल आधी आणि काळी शेवटी. वजन ९-१० किलो भरतं. जिन्यातून नेताना आडवी करू नका, आम्ल गळतं.

जागा हवेशीर हवी. गॅलरी उत्तम, स्वयंपाकघर आणि देवघर नको. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि त्याला पेटायला समईची वात किंवा गॅसची शेगडी पुरेशी असते.

क्षमतेच्या दहाव्या हिश्शाइतका करंट द्या, ३५ एएचला साडेतीन अँपिअर. आधी चार्जरच्या क्लिपा खुंटांना लावायच्या, मग प्लगचं बटण. काढताना आधी बटण बंद. निम्मी उतरलेली बॅटरी सहा ते आठ तास घेते. शेवटचा टप्पा सगळ्यात संथ असतो आणि लोक नेमके तिथेच कंटाळून क्लिपा काढतात. व्होल्टेज १४.४ ला पोचून करंट एका अँपिअरच्या खाली आला की बॅटरी भरली. मध्येच बॅटरीचा डबा हात ठेववणार नाही इतका तापला किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला तर लगेच बंद करा. आपोआप कट होणारा चार्जर घ्या. इन्व्हर्टरची बॅटरी भरणारे मोठे, जास्त अँपिअरचे चार्जर छोट्या बॅटरीला लावू नका.

खरी परीक्षा त्यानंतर. क्लिपा काढून बॅटरी बारा तास तशीच ठेवा आणि पुन्हा मोजा. १२.६ टिकलं तर ती फक्त उतरली होती. १२.२ पर्यंत घसरलं तर आतल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसलाय किंवा आत गळती आहे, आणि तिच्या भरवशावर ताम्हिणी घाटात जाऊ नका. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या, भंगारवाल्याला नको. त्यातलं शिसं आणि आम्ल नाल्यात जाऊ नये.

प्रश्न : गाडी आठवड्यातून एकदाच निघते. रोज दहा मिनिटं जागेवर सुरू ठेवली तर बॅटरी टिकेल? – वाचक, औंध

उत्तर : नाही. जागेवर इंजिन मंद असताना अल्टरनेटर फार थोडं भरतो, पेट्रोल मात्र जळतं. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा बाह्यवळणावर अर्धा-पाऊण तास सलग चालवा. हिंजवडीच्या कोंडीत एसी आणि दिवे लावून घालवलेला तास त्यात धरू नका.

उभ्या गाडीतही घड्याळ, अलार्म आणि कॉम्प्युटर थोडा करंट खातात. ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं, पण त्या हिशेबाने दिवसाला १.२ एएच जातात आणि ३५ एएचची बॅटरी पंधरवड्यात निम्मी होते. त्याहून लवकर उतरत असेल तर मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावून मायनसची वायर आणि खुंट यांच्या मध्ये जोडा. दारं बंद करून अर्धा तास थांबा, कॉम्प्युटर झोपायला तेवढा वेळ लागतो. आकडा जास्तच राहिला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याने तो धपकन खाली येईल, चोर त्या लाइनवर. बहुतेकदा बाहेरून बसवलेला डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर किंवा डिकीतला न विझणारा दिवा निघतो. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

प्रश्न : बॅटरीत आरओचं पाणी चालेल का? – वाचक, बिबवेवाडी

उत्तर : नाही, फक्त डिस्टिल्ड वॉटर. आरओच्या पाण्यातही क्षार उरतात. आम्लही कधी घालू नका, कमी होतं ते पाणीच. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडण्यापुरतं आधी घाला, बाकीचं चार्ज झाल्यावर खुणेपर्यंत. पुण्यात एप्रिल-मेच्या उन्हात पाणी जास्त उडतं, तेव्हा महिन्यातून एकदा बघा. बॅटरीचं नुकसान त्या उन्हातच होतं. डिसेंबरच्या गार सकाळी ते फक्त उघडं पडतं.

प्रश्न : सिग्नलला आपोआप बंद होणारी गाडी आहे. साधी बॅटरी बसवली तर? – वाचक, वाकड

उत्तर : वर्षभरात मान टाकण्याची शक्यता मोठी. या स्टार्ट-स्टॉप गाड्यांना सारखं बंद-चालू सोसणारी ईएफबी किंवा एजीएम जातीची बॅटरी लागते, जुनीवर जे लिहिलंय तीच जात घ्या. एजीएमला चार्जरवर तिची वेगळी सेटिंग निवडा. बॅटरी गाडीतच ठेवून चार्ज करत असाल तर काळी क्लिप मायनसच्या खुंटावर न लावता इंजिनच्या किंवा बॉडीच्या उघड्या धातूवर लावा. मायनसच्या खुंटावर करंट मोजणारा सेन्सर असतो, त्याला वगळून चार्ज दिला तर गाडीच्या कॉम्प्युटरला बॅटरी भरल्याचं कळत नाही आणि स्टार्ट-स्टॉप बंदच राहू शकतं.