मृगाच्या तोंडावर आणलेली पिल्लं

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

कोंबडीची पिल्लं सुखरूप पोचली आणि सगळी खातायत-पितायत हे कळून बरं वाटलं. खोक्यातून काढल्यावर एकेकाची चोच गुळाच्या पाण्यात बुडवलीस, ते छान केलंस. तू मुंगसाचं आणि घारीचं विचारलंयस. त्यांचा धसका सगळ्यांनाच असतो, कारण ती डोळ्यांना दिसतात. पण आपल्याकडे पिल्लांचा खरा वैरी म्हणजे ओल, आणि तू ती आणलीस नेमकी मृगाच्या तोंडावर. नवरात्रानंतर आणली असतीस तर काम पुष्कळ हलकं झालं असतं. असो, आली आहेत तर आता त्यांचं नीट करू.

आधी उबेचं. पहिला आठवडा पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर साधारण ३५ अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. दुकानदार एलईडी दिवा काढून देईल. त्याने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. तारेचा जुना पिवळा बल्ब मागून घे. पंचवीस पिल्लांना १०० वॅटचा एक पुरेल. आणि अंशांपेक्षा पिल्लांवर जास्त विश्वास ठेव. रात्री निजण्याआधी पडवीत जा आणि आवाज न करता जरा उभी राहा. बल्बखाली एकमेकांच्या अंगावर चढून कलकलाट करत असतील तर गारठलीत, बल्ब खाली घे. कडेला जाऊन, चोची उघड्या टाकून, पंख सोडून बसली असतील तर तापलीत, वर घे. सगळी एकाच बाजूला दाटली असतील तर समोरून कुठून तरी वारा शिरतोय. आणि चहूकडे पसरून माना टाकून झोपली असतील तर तूही जाऊन झोप. सध्याच्या उकाड्यात दिवसा बल्ब लागणारही नाही, पण पाऊस लागला की भर दुपारी लावावा लागेल. वीज जाणार हे धरूनच चाल. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून मध्ये ठेव. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र कधीही ठेवू नकोस, तिच्या वायूने माणसंसुद्धा दगावतात.

आता ओल. भातगिरणीवरून तुसाच्या गोणी आजच आण आणि माळ्यावर टाक. आषाढात कोरडं तूस मागूनही मिळत नाही. खाली दोन-तीन बोटं जाडीचा थर दे आणि रोज सकाळी हाताने वरखाली कर. मूठभर उचलून दाब. मूठ उघडल्यावर भुरभुर सांडलं तर ठीक, लाडवासारखं वळलं तर तेवढं काढून टाक. पाण्याच्या भांड्याभोवती तर रोजच वळेल, म्हणून भांडं विटेवर ठेव, पिल्लांच्या पाठीच्या उंचीला येईल इतकं. मग गुडघे टेकून नाक पिल्लांच्या उंचीवर ने. तुला उभ्याने वास येत नाही, पण ती तिथेच चोवीस तास श्वास घेतात. डोळ्यांना झोंबलं की थर बदलायला उशीर झालाय असं समज. बुरशी धरलेलं तूस तर आत आणूच नकोस, त्याने छाती धरते.

एवढं सगळं का, तर रक्ती हगवण. उबदार, ओल्या तुसात तिचे जंतू भराभर तयार होतात आणि तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात पिल्लांना गाठतात. एखादं पिसं फुगवून, मान आखडून बाजूला बसलं, विष्ठेत रक्त दिसलं, की त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पाण्यातून द्यायचं औषध असतं, वेळेवर दिलं तर बहुतेक वाचतात. दुसऱ्याच्या सांगण्यावरून भलतंसलतं पाजू नकोस.

पडवीच्या पश्चिमेला माडाची झापं बांधून घे, झड तिकडूनच येते. मुंगसासाठी बारीक जाळी आणि तळाशी चिऱ्यांची ओळ, झालं.

खायला चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य, तेच दे. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य स्वस्तात मिळालं तरी नको, त्यातला कॅल्शियम पिल्लांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. सुका जवळा कुटून घालावा असं तुला कोणीतरी सांगेलच. त्यातलं मीठ या वयात विषासारखं लागतं. पंधरा दिवसांनी हवं तर वाळवीचं ढेकूळ फोडून टाक आणि त्यांची धावपळ बघ! खरंच बघ, मला अजून त्याचा कंटाळा येत नाही. एखाद्याच्या ढुंगणाला विष्ठा चिकटून वाळली असेल तर कोमट पाण्याच्या बोळ्याने सोडव, ओढू नकोस.

कावळ्यांना भांड्यांपाशी येऊ देऊ नकोस. जानेवारी २०२१ मध्ये दापोलीतल्या मेलेल्या कावळ्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला होता.

पिल्लांना नावं दिलीस म्हणे. दे, पण साधारण निम्मे कोंबडे निघतील. दीड-दोन महिन्यांत तुरे लाल व्हायला लागले की घरात राखणेचा, म्हणजे देवाला कोंबडा द्यायचा विषय निघेल, मग कोंबडी-वड्यांचा. ज्याला द्यायचं नाही असं तुझ्या मनात असेल, तो आजीला आत्ताच दाखवून ठेव. ऐनवेळी रडून तुलाच त्रास होईल.

राहिली लस. सातव्या दिवशी लासोटा, चौदाव्या दिवशी गंबोरो रोगावरची, अठ्ठाविसाव्या दिवशी परत लासोटा. लासोटा मानमोडीवरची, म्हणजे राणीखेत रोगावरची आहे, एक थेंब डोळ्यात. थर्मासमध्ये बर्फ घालूनच आण. मोठ्या कोंबड्यांना टोचायची मानमोडीचीच आर टू बी लस चुकून या पिल्लांना देऊ नकोस. लासोटाच्या एका कुपीत शंभरावर मात्रा असतात आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. म्हणून आदल्या दिवशी वाडीत फिरून सांग, ज्यांच्या कोंबड्या धडधाकट आहेत त्यांनी त्या सकाळी सोडू नयेत, डालग्याखाली ठेवाव्यात, म्हणजे उरलेली लस त्यांना देता येईल. शेजारच्या कोंबड्यांना मानमोडी लागली तर ती तुझ्या अंगणात यायला वेळ लागत नाही. कोणी नको म्हणालं तर माझं नाव सांग, मी फोन करते.

तुझी,
काकी